आक्काच्या नावाची काच

एका पावसाळ्यात माझं रक्त बावीस माणसांच्या नावावर होतं. त्यात म्हातारे होते, बाळंतिणी होत्या, आणि माझी सख्खी थोरली बहीणही होती. हे फुशारकीने सांगत नाही. वरचं वाक्य लिहायच्या आधी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

मी आरोग्य सेवक. गाव मुरबाडचं, नोकरी शहापूर तालुक्यात, खर्डीच्या आतल्या बाजूला. हुद्दा काही का असेना, पाड्यांवर मला 'मलेरियावाला' म्हणतात. ताप आलेल्या माणसाचं बोट टोचायचं, थेंब काचपट्टीवर घ्यायचा, काच वाळवून नंबर टाकायचा, वहीत नाव लिहायचं आणि डबा आरोग्य केंद्रात नेऊन द्यायचा. महिन्याला ठरलेल्या काचा झाल्याच पाहिजेत. ताप असो नसो, काचा हव्यात.

आता गंमत बघा. काचा सगळ्यात जास्त लागतात आवणीच्या दिवसांत, आणि नेमकं तेव्हाच कोणी बोट देत नाही. आवणी म्हणजे राबातली भाताची रोपं उपटून चिखलात लावणं. डाव्या हातात जुडी, उजव्याने लावायचं, दोन्ही हात कामाचे. टोचलेलं बोट चिखलात गेलं की झोंबतं, आणि दोन दिवसांत पिकतं. मला बांधावर बघितलं की बाया पाठ फिरवायच्या. एक म्हातारी तर म्हणायची, ह्याच्यापेक्षा डास बरा, तो निदान वहीत लिहीत नाही.

मग मी माझंच बोट टोचायला लागलो. ही अक्कल मला कुणी शिकवली नाही, माझी मलाच सुचली. एका टोचणीत तीन काचा व्हायच्या, जरा दाबलं तर चार. बसायचं आक्काच्या ओट्यावर. आक्का म्हणजे माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचं सासर खर्डीच्या याच बाजूला, आणि मी बदली मागून घेतली ती तिथे दुपारची भाकरी मिळेल म्हणून. तिचा ओटा हेच माझं ऑफिस. ती तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी आणून ठेवायची, आणि मी डाव्या हाताची बोटं चोखत वही भरायचो. दाजी वारले तेव्हापासून ती आणि तिचा मुलगा, दोघंच घरात. मुलगा भातसानगरला धरणावर कामाला, त्यामुळे दुपारी घरात ती एकटीच असायची.

केंद्रात काचा तपासायच्या प्रयोगशाळेच्या बाई. बाईंची नजर भारी. मलेरियाचे जंतू शोधता शोधता पांढऱ्या पेशींवरही नजर टाकून घ्यायच्या. मला लहानपणापासून शिंकांचा त्रास, आणि अशा माणसाच्या रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात. बाई सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढता म्हणायच्या, काय हो, तुमच्या अख्ख्या पाड्यालाच शिंका येतात का? मी हसायचो, त्याही हसायच्या. दोघांनाही कळत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीच्या आवणीत आक्का म्हणाली, वर्ष झालं, अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरतं, डाव्या कुशीला काहीतरी जड जड वाटतं. मी तिला ओट्यावरच आडवं केलं आणि बरगडीखाली हात लावला. बोटांना कडक कड लागली. पाणथरी. डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात, आमच्याकडे लहान पोरालाही पाणथरी म्हटलं की कळतं, कारण मलेरियात ती सुजते. मी चार बोटं आडवी लावून बघितली. चारही बोटं भरली. ताप मात्र तिला नव्हता. एवढी मोठी पाणथरी आणि ताप नाही, हे कोड्यात टाकणारं होतं. पण मला कोडं पडायला वेळ कुठे होता? डबा भरायचा होता.

मी सुई काढली. ती म्हणाली, आज नको रे टोचू, चार दिवसांची आवणी राहिली आहे. मी लगेच सुई ठेवून दिली. खरं सांगायचं तर तिच्या नावाची काच मी ती चटणी वाटत होती तेव्हाच करून ठेवली होती. माझ्या रक्ताची. आता ती पुसून टाकायची, एवढंच करायचं होतं, आणि तेवढंही मी केलं नाही.

संध्याकाळी केंद्रात डबा दिला. मोठे डॉक्टर बाईंच्या शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, पाणथरी कुणाची हाताला लागली का. माझ्या तोंडून निघून गेलं, हो साहेब, आमच्या बहिणीचीच. ते म्हणाले, मग तिची काच आत्ताच नीट बघा, पांढऱ्या पेशींसकट. बाईंनी काच रंगवली, लावली, बराच वेळ बघितली. मी तिथे उभा. 'साहेब, ही काच तिची नाही,' एवढी पाच शब्दांची गोष्ट. ती मी बोललो नाही. बाईंनी चिठ्ठी लिहिली की मलेरिया नाही, पांढऱ्या पेशी एरवी ठीक, शिंकांच्या पेशी थोड्या जास्त. आणि 'शिंकांच्या पेशी' याखाली रेघ मारली. देताना माझ्याकडे बघितलं. ती रेघ माझ्यासाठी होती, पुन्हा खरी काच घेऊन या म्हणून. मला त्याच वेळी समजली होती.

चिठ्ठी आक्काला नेऊन दिली. म्हटलं, रक्त चांगलं आहे, काळजीचं काही नाही. माझं बोट कधी टोचलंस, असं तिने विचारलं नाही. मला वाटलं, बाई अडाणी, कागदाला भुलली. तिने चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात मी खरंच काच घ्यायला गेलो, शपथेवर सांगतो. तर ती हात पदरात लपवून म्हणाली, चिठ्ठीत चांगलं आहे ना, मग आता कशाला टोचतोस? मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हटलं. माझ्या मनातून तेच हवं होतं की काय, देव जाणे.

दिवाळीनंतर गेलो तर तिच्या डाव्या कुशीवर तीन काळे डाग. पाणथरी उतरायला तापवलेल्या विळ्याच्या टोकाने चटके देतात, ते देणारी एक म्हातारी कसाऱ्याच्या बाजूला आहे. तिच्याकडे ही जाऊन आली होती. माझं डोकंच फिरलं. शेजारपाजारच्या बायांदेखत मी तिला नाही नाही ते बोललो. घरात आरोग्य सेवक असताना चटके घेतेस, लोकांना मी काय तोंड दाखवू, या जंगलीपणापायीच आपली माणसं मरतात, असं बरंच काही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग उठली आणि माझ्यासाठी चहा टाकला.

त्यानंतर दीड वर्ष ती झिजत गेली आणि पोट तेवढं पुढे आलं. मी लोहाच्या गोळ्या देत होतो. दर खेपेला तपासायला हात लावावा असं वाटायचं आणि लावायचो नाही. शेवटी भाच्याने मला न विचारता तिला शहापूरला सोनोग्राफीला नेलं. पाणथरी बेंबीपर्यंत आली होती. तिथून ठाणे, ठाण्याहून मुंबईचं मोठं इस्पितळ. सगळीकडे आधी मलेरिया शोधला, मग सिकलसेल, मग यकृत, कारण आमच्या भागातल्या माणसाची पाणथरी वाढली की डॉक्टरही याच क्रमाने जातो. तसलं काहीच निघालं नाही. मग कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. बोटाच्या टोचणीला नको म्हणणारी माझी बहीण तेव्हा हूं की चूं करत नव्हती. मी तिचा हात धरून उभा होतो, आणि तिच्या तळहाताला घाम नव्हता, माझ्या होता.

रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण समजावून सांगणाऱ्या. त्यांनी कागदावर पाणथरीचं चित्र काढलं. म्हणाल्या, कॅन्सर पाणथरीतच सुरू होणं हे फार कमी दिसतं. हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे, लिम्फोमाची एक जात. बहुतेकदा हळू चालतो, वर्षानुवर्षं. त्याला आठवड्याला एक अशी औषधाची सलाईन देऊन पाणथरी उतरवता येते. पण कधी कधी तोच उलटतो आणि पळायला लागतो. तसा असेल तर पाणथरी काढून आतून तपासावी लागते आणि कडक औषधं द्यावी लागतात. या वयात, या अशक्तपणात ते झेपेल की नाही सांगता येत नाही. शिवाय साधा मलेरियाही पाणथरी काढलेल्या माणसाच्या जिवावर बेततो, आणि तुम्ही राहता मलेरियाच्या गावात.

मग त्यांनी विचारलं, पूर्वीचा एखादा रक्ताचा रिपोर्ट आहे का? भाच्याने रेशनकार्डाच्या पिशवीतून चिठ्ठी काढली. अभिमानाने म्हणाला, मामांनी तेव्हाच तपासून घेतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ती दोनदा वाचली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, मगजाचा रिपोर्ट म्हणतो हळू, आणि चिठ्ठी म्हणते दोन वर्षांपूर्वी रक्तात काहीच नव्हतं. म्हणजे हे सगळं दोनच वर्षांत झालं असेल, तर तो पळतोय. ती काच मिळेल का? मी सांगितलं, काचा धुऊन परत वापरतो. तेवढं मात्र खरं बोललो. त्या म्हणाल्या, मग मी ऑपरेशनच्या बाजूने आहे, पुढच्या आठवड्यात सगळे डॉक्टर मिळून ठरवू.

माझ्या एका वाक्यावर बहिणीचं पोट फाडायचं की नाही हे अडलेलं, आणि मी खिडकीबाहेरच्या कबुतरांकडे बघत बसलो. मनात काय होतं तेही सांगून टाकतो. नोकरीची तीन वर्षं राहिली होती आणि भाच्यासमोर माझी इज्जत होती. या दोन गोष्टी मी आक्काच्या जिवाशेजारी ठेवून बघत होतो. लाज वाटली पाहिजे, आणि वाटत होतीही, पण नुसती वाटून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या बाईंकडे गेलो. त्या काचा धूत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि नळ बंद केला. म्हणाल्या, तुमचं रक्त मी कुठेही ओळखेन, त्या दिवशीही ओळखलं होतं. साहेब शेजारी होते, तुमच्या पोटावर पाय कसा देऊ म्हणून नुसती रेघ मारली. वाटलं, बहिणीची गोष्ट आहे, हा दुसऱ्या दिवशी धावत खरी काच घेऊन येईल. त्यांचे डोळे भरले. मी काही बोलणार तर त्यांनी हात वर केला.

"माझं नाव सांगायचं तर सांगा," त्या म्हणाल्या, "पण त्या पोरीला ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ देऊ नका."

साठी उलटलेल्या बाईला त्या पोरगी म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच खोली. डॉक्टरीणबाई फाइल उघडत होत्या, आक्का खुर्चीत, भाचा मागे उभा. मी उभा राहिलो.

"मॅडम, त्या चिठ्ठीतलं रक्त हिचं नाही. माझं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, आवणी, काचा, डबा, साहेब. बाईंचं नाव तेवढं घेतलं नाही. त्या मला एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढंच विचारलं, तेव्हा पोटाला हात कुणी लावला होता? मी म्हटलं, मीच. चार बोटं लागली होती. त्याच्याही आधी वर्षभर ती अर्ध्या भाकरीवर उठायची, हेही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि चिठ्ठीवर तिरकी रेघ मारून खाली सही केली. म्हणाल्या, म्हणजे हा जुनाच आहे, हळू चालणारा. आणखी एक स्कॅन करू, पळाल्याची खूण दिसली नाही तर सलाईन देऊन बघू, पाणथरी राहू दे.

भाचा दार उघडून निघून गेला. मला मामा म्हणून हाक मारायला त्याला पुढे चार महिने लागले.

मी आणि आक्का बाहेरच्या बाकावर बसलो. तिच्याकडे बघायची माझी टाप नव्हती. म्हटलं, आक्का, मी तुला फसवलं, तुझी दोन वर्षं मी खाल्ली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग हळूच म्हणाली,

"फसवलंस कुठं रे? माझं बोट टोचलंच नाय, तर चिठ्ठी कुणाच्या रगताची, येवढं मला कळंना व्हय? तुझी बोटं मी रोज बघायची ना भाकरी देताना."

मी विचारलं, मग दुसऱ्या आठवड्यात मी खरी काच घ्यायला आलो, तेव्हा का नाही म्हणालीस?

"दुसरी काच येगळी निघाली असती तर पयली कुणाची, आसं तुला विचारलं नसतं का? तुझी नोकरी गेली असती. मंग मी म्हटलं, जाऊन चटके घेऊन बघते, उतरली तर उतरली."

म्हणजे चटक्यांवरून शेजारणींसमोर मी तिला फाडून खाल्लं, तेव्हा हे सगळं तिच्या पोटात होतं. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन म्हटलं, तेव्हाही ती मुकाट बसली होती. मी कबुतरं बघत होतो आणि ती माझ्यासाठी पोट फाडून घ्यायला तयार होती. मी त्या बाकावर हमसाहमशी रडलो. येणारेजाणारे बघत होते. तिने मला रडू दिलं, गप्प हो म्हणाली नाही, आणि पाठीवरून हातही फिरवला नाही. तिलाही राग असणारच की.

स्कॅनमध्ये पळाल्याची खूण नव्हती. सलाईन लागली. पहिल्या खेपेला तिला थंडी वाजून हुडहुडी भरली, मी घाबरलो, नर्सने वेग कमी केला. चार आठवडे झाले, मग तपासणी, मग पुढची फेरी. पाणथरी बेंबीवरून वर सरकत सरकत आता बरगडीखाली बोटभर राहिली आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, हा मुळापासून जात नाही, परत डोकं वर काढू शकतो, लक्ष ठेवायचं. ती आता एक भाकरी खाते, कधी सव्वा.

मी मोठ्या साहेबांना सगळं लिहून दिलं. चौकशी चालू आहे, व्हायचं ते होवो. वहीतल्या बाकीच्या एकवीस घरांत परत गेलो, प्रत्येकाला खरं सांगून बोट मागितलं. काहींनी दिलं, काहींनी शिव्या दिल्या. डासवाली म्हातारी आता नव्हती. कशाने गेली ते कुणालाच नीट सांगता आलं नाही, आणि मीही जास्त विचारलं नाही.

दर तीन महिन्यांनी आक्काला तपासणीला मुंबईला नेतो. रक्त घेणारी नर्स नळीवर नावाची पट्टी चिकटवते. आक्काला वाचता येत नाही. नर्स नळी खोक्यात ठेवणार इतक्यात ती तिचा हात धरते आणि माझ्याकडे वळते.

"वाच," म्हणते. "कुणाचं नाव हाय?"

मी वाकून वाचतो. तिचं नाव, दाजींचं नाव, आडनाव, सगळं मोठ्याने. मग ती नर्सचा हात सोडते. दर खेपेला.